खांद्याचा कागद

बाबांच्या कवितांच्या कागदांच्या दानपत्रावर सह्या करायला आईला कॉलेजात आणायचं की दानपत्रच घरी न्यायचं, यावर आठवडाभर खल चालला होता. शेवटी आईनेच तो मिटवला.

"मी येते," ती म्हणाली. "तुमच्या बाबांनी त्या कॉलेजच्या फीच्या खिडकीत जन्म काढला. मला ती इमारत एकदा आतून बघू दे."

म्हणून शनिवारी सकाळी ग्रंथालयाच्या तळमजल्यावरच्या लांबट खोलीत घरातले सगळे जमले. दादा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आला होता. वहिनी आईचा हात धरून आली. धाकटा शिवणाचं दुकान कारागिरांवर सोपवून थेट तिकडूनच आला. अंगात कोट, बाहीला एक पांढरा दोरा चिकटलेला. ताईला वाट माहीत होती. दोन वर्षं प्रयोगशाळेला सुट्टी असली की ती इथे येत असे आणि बाबांचे कागद लावायला ग्रंथपालबाईंना मदत करत असे. पाण्याचे नमुने तपासणारी बाई आणि कवितांचे कागद, हे ऐकून लोक हसत. तिला त्यात फारसा फरक वाटत नव्हता. कुठून आलं, केव्हा आलं आणि मध्ये कोणी हात लावला, हेच दोन्हीकडे बघायचं असतं.

खोलीत पेन न्यायचं नव्हतं, पर्स न्यायची नव्हती, फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा होता. ग्रंथपालबाईंनी सगळ्यांना हात धुऊन कोरडे करायला लावले.

"हातमोजे नाही का देत?" वहिनीने विचारलं. "सिनेमात घालतात."

"मोज्यात बोटांना कागद कळत नाही. मग तो फाटतो. त्यापेक्षा स्वच्छ हात बरे."

आई खूश झाली. "हेच मी दुकानातल्या पोरींना जन्मभर सांगत आले. कापड हाताने बघायचं. या बाई शिकलेल्या दिसतात."

"आई, त्या मुख्य ग्रंथपाल आहेत," दादा हळूच म्हणाला.

"मग शिकलेल्या असतील की. मी काय वेगळं म्हटलं?"

भिंतीलगत राखाडी खोके ओळीने मांडले होते. बाबांनी कविता कशावर लिहिल्या नव्हत्या? रद्द झालेल्या पावत्यांच्या पाठीवर, परीक्षेच्या जुन्या वेळापत्रकांवर, औषधाच्या पुड्यांवर. आणि आईच्या खाकी कागदांवर. आई कोट शिवायची. तिच्या कापायच्या टेबलाची एक बाजू संध्याकाळी बाबांची असे, आणि हाताशी येई तो कागद ते ओढून घेत. खाकी कागदांची पेटी तेवढी दादाने पहिल्यापासून स्वतःकडे ठेवली होती, आणि गेल्या महिन्यात थेट ग्रंथपालबाईंच्या हाती दिली होती. त्याच्या पुस्तकाचा कणाच ती पेटी होती. बाबांच्या कवितेवरचं ते पुस्तक छापखान्यात होतं. सोमवारी प्रदर्शन उघडणार, त्याच कार्यक्रमात त्याचं प्रकाशन.

सोमवारसाठीचे कागद काचेखाली तिरप्या फळ्यांवर मांडून तयार होते. आई हात पाठीशी बांधून एकेक बघत चालली. अक्षरांपुढे ती फार थांबत नव्हती. शेवटच्या फळीपाशी मात्र थांबली.

"हा इथे काय करतोय?"

दादा पुढे झाला. "आई, ती 'उतार'. शाळेच्या पुस्तकात होती ती. पहिला खर्डा आहे."

"कविता राहू दे तुझी. कागद म्हणतेय मी. हा बटण्याचा डावा खांदा आहे."

धाकट्याला घरात बटण्या म्हणत. लहानपणी त्याने कोटाचं एक बटण गिळलं होतं. ते पुढे सुखरूप परत आलं, पण नाव चिकटलं. पन्नाशी उलटली तरी ते निघालं नव्हतं.

ताईने काचेखालची चिठ्ठी वाचली. 'उतार. खाकी कागद, पेन्सिल. कवीने निवडलेला तिरपा, तुटलेला आकार हा रचनेचाच भाग आहे.' मग तिने कागद पाहिला. एक बाजू सरळ. वरची कड मानेपासून निघून, जितकी उतरायला हवी त्याहून बरीच जास्त उतरलेली. एकदा ऐकल्यावर त्यात दुसरं काही दिसेना.

"डावा खांदा म्हणजे?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"पाठीचा डावा भाग हो. कोटाचा साचा." आईच्या आवाजात दुकान आलं. "माणसाच्या पाठीला एकच साचा पुरतो. कापडाची घडी घालायची, एकदा कापलं की डावं उजवं दोन्ही निघतं. बटण्याला दोन लागायचे. याचा डावा खांदा जन्मापासून खाली. हात पण छातीच्या वर जात नाही. दर वर्षी नवा साचा काढायचे मी. हा बहुतेक..." तिने काचेवर बोट टेकवलं. "हा तो बाराचा असतानाचा."

"आई," ताई म्हणाली.

पण ग्रंथपालबाई काच उचलत होत्या आणि ताईचे डोळे आपोआप कागदाच्या कडेवर गेले होते. शेजारच्या फळीवर एका बाहीच्या तुकड्यावर चार ओळी होत्या. तिथे कात्रीने अक्षरं अर्धी कापली होती, कारण लिहिणं आधीचं होतं आणि कापणं नंतरचं. इथे तसं नव्हतं. एकही अक्षर कापलेलं नव्हतं. ओळी कडेजवळ येऊन थांबत, आणि कड उतरे तसतशा त्याही उतरत.

"हे कापल्यानंतर लिहिलंय," ती म्हणाली. "बाबांनी तयार साचा घेतला आणि त्याच्या कडेने लिहिलं. म्हणजे आकार दादा म्हणतो तसा मुद्दामच धरलाय."

प्रयोगशाळेत ती असंच करायची. दिसलं की सांगायची. बोलून झाल्यावर तिने वर पाहिलं. धाकटा खिडकीपाशी उभा होता आणि तिच्याकडे बघत होता. आपण आता काय केलं, हे तिला तेव्हा कळलं.

*

वहिनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिला वाटलं होतं, तो पडेल. पुस्तकाची मुद्रितं तिने स्वतः तपासली होती. खाकी कागद म्हणजे 'शिवणघरातले टाकाऊ तुकडे' असं त्यात सात-आठ ठिकाणी होतं. 'उतार'च्या डोक्यावर एक भोक होतं. ते साचा खिळ्याला अडकवायचं भोक असावं, हे आता तिलाही कळत होतं. त्या भोकावर यांनी दीड पान लिहिलं होतं. त्यात 'पोकळी' हा शब्द चारदा आला होता.

पण दादाचा चेहरा पडला नव्हता. उलट उजळत चालला होता.

"मला सोमवारच्या आधी चिठ्ठी बदलावी लागेल," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "चुकीचं आहे हे कळल्यावर तशीच ठेवता येणार नाही. 'कोटाचा साचा, कवीच्या धाकट्या मुलासाठी' असं काहीतरी. तुम्ही सगळे बघून घ्या, मी दानपत्र आणते." आणि दार लोटून घेऊन त्या गेल्या. त्यांना खोलीतली हवा कळली असावी.

"बदलायलाच हवी!" दादा म्हणाला. "अरे, केवढं आहे हे! मी शोक शोक करत बसलो. आजोबांच्या मृत्यूपर्यंत नेऊन भिडवली मी ती कविता. आणि ती इथे आहे, घरात! बाप मुलाच्या खांद्याच्या रेषेवरून लिहितोय! ताई, तू ते अक्षरांचं सांगितलंस ना, ते मला नीट लिहून दे. मी छापखान्याला उद्यापर्यंत थांबवतो. प्रकरण नव्याने लिहितो."

"दादा, मी फक्त..."

"फक्त काय? पुरावा आहे तो."

"अहो," वहिनी म्हणाली.

"थांब गं जरा."

"मी काय म्हणते, आधी भाऊजींना विचारा."

दादाने वळून भावाकडे पाहिलं. त्याचा आनंद अजून तसाच होता, त्यात त्याने भावालाही ओढून घेतलं. "बटण्या, तू कवितेत आहेस! महाराष्ट्रभर नाही म्हणत, पण निदान... अरे, लोकांनी पाठ केलीय ती!"

"नाव घालणार?" धाकट्याने विचारलं.

"नाव कशाला? 'धाकटा मुलगा' एवढंच."

"माझ्याशिवाय अजून कोण आहे धाकटा? बाबांनी सांगितलं नव्हतं."

आई फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली.

"यात लाजण्यासारखं काय आहे?" दादा म्हणाला. "इतक्या वर्षांत मला तरी कधी दिसला नाही तुझा खांदा. लोकांना काय दिसणार आहे? मी तर विसरूनच गेलो होतो."

हे खरं होतं, वहिनीला माहीत होतं. लग्न होऊन या घरात आली त्या उन्हाळ्यात वीज गेली होती, सगळे पुरुष बनियनवर बसले होते आणि एकटा दीर कोट घालून ताटावर बसला होता. तिने रात्री नवऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, त्याला थंडी फार वाजते. खोटं बोलत नव्हता तो. शिकायला लहानपणीच बाहेर राहिला, सुट्टीत घरी यायचा तेव्हा भाऊ कोटात भेटायचा, आणि ते कोट आईने शिवलेले असायचे. इतके चांगले शिवलेले की सख्खा भाऊसुद्धा विसरला.

"त्यांना नको असेल," वहिनी म्हणाली.

"तू कोणाच्या बाजूची?"

"आत्ता भाऊजींच्या. तुमच्या बाजूला मी मुद्रितं तपासताना होते. त्या भोकाचं तेव्हाच म्हटलं होतं तुम्हाला, एकदा आईंना विचारा."

ताईने मान खाली घातली. "कुठलं भोक?" आईने विचारलं.

*

धाकट्याला स्टूल आठवत होतं. कापायच्या टेबलाशेजारचं उंच स्टूल. त्यावर उभं राहायचं, हलायचं नाही. आई तोंडात टाचण्या धरून मागे उभी, म्हणून ती बोलायची नाही, नुसती बोटाने वळवायची. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाबा. दिव्याखाली मान घालून लिहीत बसलेले. तासभर तो उघड्या अंगाने तिथे उभा असे आणि बाबांनी मान वर केलेली त्याला एकदाही आठवत नव्हती. त्याबद्दल त्याला राग नव्हता. उलट तो त्यांच्याकडे बघून उभा राहत असे, कारण घरात तेवढाच एक माणूस त्याच्या खांद्याकडे बघत नाही असं त्याला वाटे.

"सोमवारी कोण कोण येणार आहे?" त्याने दादाला विचारलं.

"प्राचार्य, संचालक मंडळ, गावातले चार लोक..."

"सगळ्यांचे कोट माझ्याकडचे आहेत. मापं घेताना मी त्यांच्यामागे उभा असतो, आरशासमोर. त्यांना वाटतं आरशात ते एकटेच आहेत. तसंच वाटायला पाहिजे, तर ते सरळ उभे राहतात, तर माप बरोबर येतं. मंगळवारपासून ते आरशात माझ्याकडे बघतील."

"दोन दिवस बघतील, मग विसरतील. लाज सोड रे."

"लाज असती तर सोपं होतं, दादा. इतकी वर्षं झाली, लाज कधीच विरून गेली. पण माप आहे ते माझं. आपल्या दुकानात एकाचं माप दुसऱ्याला सांगतात का? सांग तूच."

दादाला दुकानातलं फारसं माहीत नव्हतं, पण एवढं माहीत होतं. नवऱ्याने बायकोसाठी गुपचूप कोट शिवायला टाकावा आणि तिचं जुनं माप मागावं, तर आई म्हणे, तिलाच पाठवा. गिऱ्हाईक गाव सोडून गेलं तर साचा त्याच्या हातात देई, नाहीतर बंबात घाली. पोट सुटलं, कंबर वाढली, एक पाय आखूड पडला, हे ज्याचं त्याला आणि तिला ठाऊक. एका कारागिराने कोणाच्या तरी छातीच्या मापावरून चहाच्या टपरीवर विनोद केला होता. दुसऱ्या दिवशी त्याचं सामान दाराबाहेर होतं.

"ही कविता आहे," दादा म्हणाला. "माप नाही. बाबांनी तिचं काहीतरी वेगळं केलं."

"मला विचारलं होतं?"

"काय?"

"बाबांनी. माझ्या खांद्यावर लिहायच्या आधी. मी तिथेच होतो, स्टुलावर. हाक मारायची होती."

ताई म्हणाली, "बटण्या, चूक माझी आहे. मी बोलायला नको होतं."

"तुझी नाही. तू अक्षरांबद्दल बोललीस." तो आईकडे वळला. "आई, तू सांगितलंस. परक्या बाईसमोर. डावा खांदा, जन्मापासून, हात वर जात नाही. सगळं."

आई खुर्चीवर बसली होती. तिने पदराचं टोक बोटांत धरलं आणि कापडाची जात बघावी तसं चोळत राहिली.

"मला साचा दिसला," ती शेवटी म्हणाली. "किती दिवसांनी दिसला. मला फक्त तोच दिसला. चांगला निघाला होता तो, बटण्या. पहिल्या फटक्यात बसला होता. त्याच्याआधीचे सगळे दोन-दोनदा सुधारावे लागले." मग ती दादाकडे न बघता म्हणाली, "बटण्याचं माप आहे. तो नको म्हणाला तर नको. कविता तुझ्या बापाची असेल, कागद बटण्याचा आहे."

"म्हणजे सही करणार नाहीस?" दादाने धाकट्याला विचारलं. आता त्याचा आवाज बदलला होता. चौघांच्या सह्या नसतील तर दानपत्र होत नव्हतं. एकाने हात आखडला तर भिंतीलगतचे सगळे खोके परत घरी, माळ्यावर. "दोन वर्षांचं काम आहे, बटण्या. ताईचं, या बाईंचं. माझं राहू दे."

"तुझंच आहे त्यात जास्त."

"हो, माझंच आहे! मला बाबा फक्त कागदावर मिळाले. तू रोज त्यांच्यासोबत जेवायला बसायचास. मी होस्टेलच्या खोलीत बसून त्यांच्या कविता पाठ करत होतो, तेवढाच बाप होता माझ्याकडे. खांदा दिसला नाही म्हणालो. कोण दाखवणार होतं मला?"

धाकट्याने कोटाची बटणं काढली.

उजवा हात आधी बाहेर आला. मग उजव्या हाताने त्याने डाव्या बाजूचा कोट मागून सोडवला आणि डाव्या हातावरून खाली ओढला. वहिनी वळली, पण तो म्हणाला, "असू दे, वहिनी." कोट त्याने खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि भावासमोर पाठमोरा उभा राहिला.

सदऱ्यात काही झाकलेलं नव्हतं. उजवा खांदा जिथे होता त्याच्या खूप खाली डावा. मानेपासून एक रेघ निघत होती, थोडं अंतर जवळजवळ सपाट जात होती आणि मग एकदम उतरत होती. टेबलावर कागद उघडा पडला होता. दादाने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"पाहिलंस?" धाकटा तसाच उभा राहून म्हणाला.

"हो."

"आता ती कविता वाच. ती शाळेच्या पुस्तकात आली तेव्हा मी शाळा सोडून दुकानात बसलो होतो. लोक तिच्या ओळी म्हणायचे, तेवढीच ऐकलीय. बाबांचं अक्षर मला लागत नाही. तू वाच. अर्थ सांगू नकोस."

दादाने खुर्ची ओढली नाही. उभ्यानेच कागदावर वाकला आणि घसा साफ करून सुरुवात केली, तशी धाकट्याने मान हलवली. "सभेत वाचतोस तसं नको. हळू."

दादाने पुन्हा सुरुवात केली.

"टेकडीवरून पाणी
सरळ येत नाही.
जरा थांबतं,
मग डावीकडे.

मी खाली उभा.
हात पुढे केला नाही.
पाण्याला
वाट माहीत होती."

"झाली?"

"झाली. एवढीच आहे."

धाकटा वळला. टेबलापाशी आला आणि उजव्या हाताचं बोट कागदाच्या वर, न टेकवता, कडेने नेलं. मध्ये एका जागी थांबलं. "जरा थांबतं म्हणजे इथे. इथे आई कापड थोडं सैल सोडायची. नाहीतर हात हलवला की पाठ ओढते. आई, बरोबर?"

"बरोबर," आई म्हणाली.

"ते थांबणं ना कोटावर दिसतं ना कागदाच्या कडेवर, त्या सैलपणात बुजतं. अंगात कोट नसताना, उभं केल्यावरच दिसतं." त्याने बोट मागे घेतलं. "म्हणजे बघत होते."

त्याच्या चेहऱ्यावरून बरं वाटलं की वाईट, हे ताईला ओळखता आलं नाही. तिला वाटलं, त्यालाही ते लगेच कळलं नसावं. लहानपणापासून ज्या एका माणसाच्या न बघण्यावर तो टेकून उभा होता, तो बघत होता.

ग्रंथपालबाई दार वाजवून आत आल्या. हातात दानपत्र होतं. सदऱ्यातला धाकटा त्यांना दिसला आणि त्यांनी नजर दानपत्रावर ठेवली. त्याने ते पाहिलं.

"बाई, एखादा कागद बंद ठेवता येतो का?"

"येतो. देणाऱ्याने अट घातली तर. खोक्यावर तसं लिहितो, कोणालाही काढून देत नाही. संशोधकांनाही नाही. फक्त मुदत सांगावी लागते."

"मी आहे तोवर."

"आणि नंतर?"

"नंतर माप लागत नाही."

ग्रंथपालबाईंनी पेन्सिलीने समासात अट लिहिली. सोमवारी ती टाइप करून आणू, म्हणाल्या. सह्या तेव्हाच. मग त्यांनी काचेखालची चिठ्ठी उचलली, दुमडली आणि खिशात घातली. "या फळीवर शेजारचा बाहीचा तुकडा सरकवते," त्या म्हणाल्या. "आणि पुस्तकात याचा फोटो आहे ना?"

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. धाकट्याने पाहिलं नाही.

*

फोन बाहेरच्या कप्प्यात होता. दादा जिन्याखाली उभा राहून छापखान्याशी बोलला. पलीकडच्या माणसाला ते पहिल्यांदा कळलंच नाही.

"फोटो काढायचा म्हणताय?"

"फोटो, आणि प्रकरण. पाचवं."

"सर, ते तर सगळ्यात मोठं आहे. पानांचे आकडे हलतील. सोमवारचं कसं होणार?"

"सोमवारी होणार नाही. प्रदर्शन होईल. पुस्तक नंतर."

"त्याच्या जागी दुसरं काय देताय?"

दादा थांबला. डोक्यात नवं प्रकरण आपोआप लिहिलं जात होतं, मघापासून, वाक्यामागून वाक्य. टेबलाचं टोक, दिवा, स्टूल. त्याने आयुष्यात लिहिलेल्या सगळ्याहून ते चांगलं होतं, हे त्याला कळत होतं. भोकावरचं दीड पान लिहिताना असं काही झालं नव्हतं.

"काही नाही," तो म्हणाला. "चारनंतर सहाला पाच करा."

"नक्की ना, सर? मग परत घालता येणार नाही."

"नक्की."

त्याने फोन ठेवला. वरच्या वाचनालयातून विद्यार्थी उतरत होते. त्यांना वाट करून द्यायला तो भिंतीला लागला. वहिनी दारात आली होती. तिने त्याच्या हातातला फोन घेऊन आपल्या पर्समध्ये टाकला.

"आईंना रिक्षात बसवते," ती म्हणाली. "ताई आहे सोबत. तुम्ही दोघं या मागून."

खोलीत ग्रंथपालबाई एकेक दिवा मालवत होत्या. 'उतार'चा कागद दोन पांढऱ्या कागदांच्या मध्ये घालून त्यांनी सपाट खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं. धाकटा ते बघत टेबलाशी उभा होता, अजून सदऱ्यातच.

"सांगितलं छापखान्याला," दादा म्हणाला.

"सगळं काढलंस?"

"सगळं."

"भोकसुद्धा?"

"तुझ्या वहिनीने सांगितलं वाटतं."

"आईने विचारून काढलं तिच्याकडून. हसून हसून ठसका लागला तिला. पाणी द्यावं तर इथे पाणी आणता येत नाही."

दादाला हसू आलं नाही, पण यायच्या बेतात होतं. ग्रंथपालबाईंनी किल्ल्या वाजवल्या. त्याने खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला. हातात घेतल्यावर तो एका बाजूला कलला, डावीकडे, खांद्यात आतून भरलेल्या कापसाच्या वजनाने. त्याने तो सावरला, कॉलरला धरून मोकळा केला आणि भावाच्या मागे जाऊन उजवी बाही त्याच्या हाताशी धरली. कोणालाही धरतात तशी.

धाकटा हलला नाही.

"डावा आधी," तो म्हणाला.

दादाने कोट फिरवून धरला.